टेलिफोनवरचे पाच टक्के

माणसाने खोटं बोलायचंच असेल तर वजनाबद्दल बोलावं, ब्लडप्रेशरबद्दल बोलावं, मुलांच्या मार्कांबद्दल बोलावं. टॅक्सबद्दल बोलू नये, आणि रुपेश सबनिसाशी तर मुळीच बोलू नये. अल बर्शातल्या त्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे ठाऊक होतं. भानुदास कोलत्यालाही होतं. पण शनिवारची संध्याकाळ होती, रुपेशच्या बायकोने, उर्मिलाने, अळूवड्या केल्या होत्या, आणि तिसरी अळूवडी तोंडात असतानाच रुपेशने सहज विचारावं तसं विचारलं की, काय रे, धंद्याच्या टेलिफोन बिलावरचा व्हॅट परत घेतोस ना? भानुदासचं तोंड भरलेलं होतं. त्याने मान हलवली. वडी गिळून झाल्यावर, उगाच संशय नको म्हणून, "ऑफ कोर्स," असंही म्हणाला.

खरं सांगायचं तर भानुदासने टेलिफोन बिलावर असा काही टॅक्स असतो हे कधी डोळे उघडून पाहिलंच नव्हतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये त्याची 'गिरिजा कूलिंग अँड व्हेंटिलेशन' नावाची कंपनी. तीन व्हॅन, नऊ माणसं, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत अख्ख्या शहराचे एसी एकदम बिघडल्यासारखे फोन. तो फोन नंबर तिन्ही व्हॅनवर हातभर अक्षरांत रंगवलेला होता. बाकीची सगळी बिलं फाइलला लागायची, अकाउंटंट रोनित महिन्यातून दोनदा येऊन ती तपासायचा आणि दर तीन महिन्यांनी टॅक्सचं रिटर्न भरायचा. टेलिफोनचं बिल मात्र क्रेडिट कार्डातून आपोआप जायचं. जे आपोआप होतं त्याच्याकडे माणूस बघत नाही.

घरी येऊन त्याने बिल शोधून काढलं. महिन्याचे साडेतीनशे दिरहम, त्यावर पाच टक्के, म्हणजे सतरा दिरहम पन्नास फिल्स. कॉलेजात जाणारी त्याची मुलगी शुभ्रा सोफ्यावर आडवी पडून मोबाइल बघत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "बाबा, इट्स लिटरली वन शवर्मा अँड अ ज्यूस." पण त्याच्या बायकोने, सविताने, कणीक मळता मळता मोठ्याने हिशेब सुरू केला. सतरा साडेसतरा म्हणजे चारशेवीस रुपये. वर्षाचे पाच हजार. टॅक्स सुरू झाला दोन हजार अठरात, म्हणजे झाली की आठ वर्षं. "चाळीस हजार रुपये," सविता म्हणाली आणि तिचे हात परातीतच थांबले. परदेशात राहणाऱ्या माणसाचा हा मोठा शाप आहे. दिरहममध्ये जे नुकसान डास चावल्यासारखं वाटतं, ते रुपयांत सांगितलं की विंचू चावतो.

दुसऱ्या दिवशी भानुदासने रोनितला बोलावून, आठ वर्षं हे कसं काय राहिलं, असं मालकाला शोभेल अशा आवाजात विचारलं. रोनित हा तिशीतला, शांत आणि म्हणूनच चीड आणणारा मुलगा होता. त्याने बिल हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला की, सर, हे क्लेम करता येणार नाही, कारण बिल कंपनीच्या नावावर नाही. भानुदास म्हणाला, ठीक आहे, माझ्या नावावर असेल. रोनित म्हणाला, तुमच्याही नावावर नाही. "हमदुल्ला परकार कोण आहेत?"

आता हमदुल्ला परकार कोण, हे थोडक्यात सांगायचं तर असं. बावीस वर्षांपूर्वी भानुदास दुबईत उतरला तेव्हा त्याचा व्हिसा अजून पासपोर्टवर लागायचा होता आणि सिमकार्ड घ्यायला व्हिसा लागायचा. एका खोलीत आठ जण राहत होते, त्यातला वरच्या पलंगावरचा माणूस दापोलीकडचा होता, भानुदासपेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "माझ्या नावावर घे रे, मग बघू." ते 'मग' कधी आलंच नाही. तो नंबर आधी नोकरीचा झाला, मग धंद्याचा झाला, आणि हमदुल्लाभाई मात्र ड्रॅगन मार्टच्या मागे एका टाइल्सच्या गोदामात स्टोअरकीपरच राहिले, इंटरनॅशनल सिटीत तिघांच्या खोलीत, बायको शहनाझ गावाकडे. अशी दुसऱ्याच्या नावावरची सिमकार्डं त्या काळी आखातात इतकी होती, की कुणाच्या मनातही त्यात काही वेगळं आहे असं यायचं नाही.

"मग फोन करून सांग ना भाईंना," सविता म्हणाली. सरळ माणसाचा सरळ सल्ला. पण भानुदास फोन करेना, आणि त्याला कारण होतं. पूर्वी दर ईदला तो हमदुल्लाभाईंकडे जायचा. मग एका ईदला साइटवर काम निघालं, दुसऱ्या ईदला पाहुणे होते, तिसऱ्याला काहीच नव्हतं तरी तो गेला नाही. भाईंच्या मुलीच्या, फिझाच्या निकाहची पत्रिका आली होती, तेव्हा त्याने हॉट्सअॅपवर दोन फुलं आणि हात जोडलेला इमोजी पाठवला होता. एवढं सगळं करून आता फोन करायचा आणि पहिलं वाक्य टॅक्सचं बोलायचं, हे त्याच्या जिवावर आलं. लाजेचं हे असंच असतं. ती वेळेवर येत नाही, आणि आली की नेमक्या चुकीच्या दारात उभी राहते.

म्हणून तो रुपेशकडे गेला. रुपेशला आधी हे कबूल करावं लागलं की, मी काल मान हलवली ती जरा जास्तच हलली. रुपेशने मोठ्या मनाने क्षमा केली आणि उंटावर चढून शेळ्या हाकायला सुरुवात केली. रुपेश एका सिमेंट कंपनीत कॉन्ट्रॅक्ट्स डिपार्टमेंटला होता. त्यामुळे त्याला जगातली कुठलीही गोष्ट दोन पार्ट्यांमधली वाटायची.

"नंबर त्याच्या नावावर आहे म्हणजे कायद्याने नंबर त्याचा," तो म्हणाला. "व्हॅन तुझ्या, गिऱ्हाईक तुझं, पण नंबर त्याचा. उद्या म्हणाला पन्नास हजार दिरहम दे, तर? बारा लाख रुपये झाले. काय करशील?"

भानुदास म्हणाला, छे, हमदुल्लाभाई तसे नाहीत. रुपेश म्हणाला, तसे कुणीच नसतात, तसे होतात. उर्मिला आतून म्हणाली की त्यापेक्षा नवा नंबर घेऊन टाका. त्यावर भानुदासने तिला तीन व्हॅन रंगवायचा खर्च, लोकांच्या एसींवर चिकटवलेले अडीच हजार स्टिकर आणि बारा वर्षांची गिऱ्हाइकं समजावून सांगितली. आणि समजावता समजावता त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं की हा नंबर गेला तर धंदा गेला. त्या संध्याकाळी घरी जाताना लिफ्टमध्ये त्याच्या मनात एक विचार आला, की भाईंनी खरंच पैसे मागितले तर? तो विचार चौथ्या मजल्यावर आला आणि आठव्या मजल्यापर्यंत राहिला. तेवढ्या चार मजल्यांचं भानुदासला नंतर फार वाईट वाटलं, पण पत्र त्याच विचाराच्या जोरावर गेलं.

पत्र रुपेशने लिहिलं. इंग्रजीत, कंपनीच्या लेटरहेडवर, सहा कलमांचं. त्यात हमदुल्लाभाईंना 'नाममात्र धारक' म्हटलं होतं. त्यांनी ठरल्या दिवशी फोन कंपनीच्या काउंटरवर जातीने हजर राहावं असं म्हटलं होतं. आणि पाचव्या कलमात म्हटलं होतं की, सदर नंबराच्या मोबदल्यात आपण आता किंवा भविष्यात कोणतीही रक्कम मागणार नाही, असं आपण लिहून देत आहात. भानुदासने पत्र वाचलं नाही असं नाही. वाचलं. पण इंग्रजी कायद्याची भाषा वाचताना माणसाला ती आपण लिहिलेली वाटतच नाही, कुठल्या तरी सरकारने लिहिल्यासारखी वाटते. त्याने सही केली, फोटो काढला, आणि हॉट्सअॅपवर पाठवून दिला. वर 'सलाम भाई, जरा फॉर्मॅलिटी आहे' एवढं लिहिलं.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दुपारपर्यंत आलं नाही. मग आलं: 'कधी येऊ?'

पहिल्या खेपेला हमदुल्लाभाई अर्धी रजा टाकून, बस बदलून, मेट्रोने मॉलमधल्या त्या काउंटरवर वेळेआधी दहा मिनिटं येऊन बसले होते. भानुदास गाडी असूनही पाऊण तास उशिरा पोचला, कारण ऐनवेळी कंपनीचा शिक्का सापडेना. भाई वाळले होते. शर्ट इस्त्रीचा होता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. भानुदासने मिठी मारायला हात पुढे केले तर त्यांनी हात मिळवला. टोकन नंबर येईपर्यंत दोघे गुडघ्याची दुखणी, उन्हाळा आणि शहनाझभाभींची शुगर यावर बोलले. जे बोलायचं होतं ते तसंच टोकनची वाट बघत बसलं.

काउंटरवर नबिला नावाचा बिल्ला लावलेली मुलगी होती. चांगली मुलगी, पण कागदाच्या बाबतीत आईचंही ऐकणार नाही अशी. तिने ट्रेड लायसन्स पाहिलं, पत्र पाहिलं, शिक्का पाहिला आणि म्हणाली, "अंकल, ये स्टँप का नाम अलग है." झालं होतं असं की कंपनी काढताना शिक्केवाल्याने अक्षरांवर पैसे लावले होते आणि भानुदासने काटकसर करून शिक्क्यावर नुसतं 'गिरिजा कूलिंग' कोरून घेतलं होतं. बारा वर्षं त्यावर कुणाचं काही अडलं नव्हतं. व्हेंटिलेशनवाचून पहिल्यांदाच कुणी गुदमरलं. भानुदासने थोडा आवाज चढवून, आपण या देशात बावीस वर्षं आहोत, असं सांगितलं. नबिलाने शांतपणे, माशाल्ला, म्हटलं आणि पुढचा टोकन नंबर दाबला. बाहेर आला तर गाडीच्या काचेवर पार्किंगचा दंड लावलेला. दीडशे दिरहम. चार आण्याच्या कोंबडीला एव्हाना बारा आण्याचा मसाला लागून गेला होता आणि कोंबडी अजून खुराड्यातच होती.

नवा शिक्का करायला दोन दिवस लागले. टायपिंग सेंटरवाल्याने पत्राचं अरबी भाषांतर करून दिलं, तेही रुपेशच्या आग्रहावरून. ते कुणी मागितलं नव्हतं आणि पुढेही कुणी बघितलं नाही. त्या भाषांतरात कंपनीचं नाव बरोबर होतं, पण भानुदासचं आडनाव असं काही उतरलं होतं की टायपिस्टने स्वतः वाचून दाखवताना तीन वेळा तीन वेगवेगळे उच्चार केले. सविताने एवढंच विचारलं की भाईंना परत रजा टाकायला लावणार का. भानुदास म्हणाला, एकदाच, शेवटचं. त्या दिवशी त्याने जे जे सांगितलं त्यातलं हे तेवढं खरं झालं.

दुसऱ्या खेपेला शिक्का बरोबर होता. नबिलाने हमदुल्लाभाईंचं आयडी कार्ड मशीनमध्ये घातलं, पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, अंकल का वीज़ा तो कॅन्सलेशन में है, अच्छा हुआ आप आज आए, अगले हफ्ते ये नंबर अपने आप बंद हो जाता. भानुदासने वळून भाईंकडे पाहिलं. भाई काउंटरच्या काचेकडे बघत होते. अठ्ठावीस तारखेचं तिकीट आहे, ते म्हणाले. कायमचं. मुलाला, राहिलला, पुण्यात नोकरी लागली, तो म्हणतो आता बस झालं.

नबिला बिचारी गप्पिष्ट होती. पडदा खाली सरकवत तिने आपण होऊन माहिती पुरवली. "बहुत पुराना नंबर है. सात बार आयडी अपडेट हुई है इसपे. हर बार अंकल खुद काउंटर पे आए हैं. नहीं तो लाइन कट जाती है ना."

भानुदासला हे माहीतच नव्हतं. नवीन आयडी कार्ड आलं की आपल्या नावावरच्या प्रत्येक नंबरासाठी ते दाखवून यावं लागतं, हे त्याने स्वतःच्या घरच्या फोनसाठी केलं होतं. पण व्हॅनवरचा नंबर कधी बंद पडला नाही, म्हणून तो का बंद पडत नाही असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. सात वेळा तो माणूस गोदामातून अर्धी रजा घेऊन, बस बदलून कुठल्या तरी काउंटरवर जाऊन बसला होता आणि एकदाही त्याबद्दल बोलला नव्हता. त्यातल्या तीन वेळा तर भानुदास त्याला ईद मुबारक करायलाही गेलेला नव्हता.

मग सहीची वेळ आली. नबिलाने पत्र भाईंपुढे सरकवलं. भाईंनी पिशवीतून चष्मा काढला आणि पहिल्या कलमापासून वाचायला सुरुवात केली. मागे पंधरा माणसं उभी होती. ते वाचत राहिले. पाचव्या कलमावर त्यांचं बोट थांबलं.

"तुला वाटलं मी पैसे मागीन?"

आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा.

"भाई, ते रुपेशने लिहिलंय. फॉरमॅट असतो तो. मी..."

"सही तुझी आहे, भानू," भाई म्हणाले, आणि त्याखाली त्यांनी आपली केली.

बाहेर पार्किंगमध्ये भानुदास म्हणाला की मी घरी सोडतो. भाई नको म्हणाले, मेट्रो बरी. तरी तो त्यांना गाडीत बसवूनच थांबला. एसी लावला. मग त्याने विचारलं, जायचं ठरलं तर कळवलं का नाही. भाईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. फोन कंपनीचाच फॉर्म होता, नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा. निळ्या शाईने भरलेला. 'नवीन धारक' या रकान्यात भानुदासचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तारीख दीड महिन्यापूर्वीची.

"जायच्या आधी एका रविवारी घरी येणार होतो," भाई म्हणाले. "सविताभाभीच्या हातचं जेवायचं आणि जेवण झाल्यावर हा काढून द्यायचा, असं मनात होतं. तुझं पत्र आधी आलं."

भानुदासला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते नेमकं आलं नाही. मागून एक गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला, त्याला ती जागा हवी होती. त्याने गाडी काढली आणि इंटरनॅशनल सिटीपर्यंत दोघे रेडिओवरची ट्रॅफिकची बातमी ऐकत गेले.

त्याच आठवड्यात रोनितने शेवटचा घाव घातला. नंबर आता कंपनीच्या नावावर झाला, उत्तम. पण क्लेम इथून पुढच्या बिलांवर. मागची आठ वर्षं विसरायची. आणि पैसे काही हातात परत मिळत नाहीत सर, आपण भरतो त्या टॅक्समधून तेवढे वजा होतात. म्हणजे परतावा म्हणून ज्याचं स्वप्न पाहिलं ती रिटर्नच्या एका चौकोनातली वजाबाकी निघाली, महिन्याला साडेसतराची. रुपेश म्हणाला, प्रिन्सिपल महत्त्वाचं. भानुदासने त्या दिवसापासून त्याच्याकडे अळूवड्या खायला जाणं बंद केलं, आणि उर्मिलाला वाटलं की वड्या बिघडल्या.

सविताला सगळं कळलं तेव्हा ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याऐवजी तिने भाईंना स्वतः फोन केला आणि रविवारी जेवायला या, एवढंच म्हणाली. मग फोन ठेवल्यावर भानुदासला म्हणाली, "बूंद से गयी वो हौद से नहीं आती. पण हौद तर भरून ठेवते."

तिने हौद भरला. सुरमई तळली, सोलकढी केली, तांदळाची भाकरी केली, भाईंना आवडतात म्हणून खापरोळ्या केल्या. शुभ्राने, कुणी न सांगता, मोबाइल बाजूला ठेवून पानं घेतली. हमदुल्लाभाई सात वाजता आले. येताना खजुरांचा डबा आणि शुभ्रासाठी अत्तराची बाटली. बेल वाजवून दारातच उभे राहिले, आत या म्हणेपर्यंत. पोटभर जेवले. सविताची तारीफ केली, शुभ्राला काय शिकतेस ते विचारलं, आणि तिने इंग्रजीत सांगितलेलं सगळं समजल्यासारखी मान हलवली. दापोलीच्या घराला वर एक खोली चढवतोय, म्हणाले. सगळं छान होतं. एखाद्या नव्या ओळखीच्या माणसाकडे पहिल्यांदा जेवायला जावं तसं छान.

भानुदास ताटावरून दोनदा बोलायला गेला. एकदा सविताने भाकरी वाढली, एकदा स्वतःचीच हिंमत झाली नाही. शेवटी बडीशेप खाताना तो म्हणाला, "भाई, माझं चुकलं."

"चुकलं ते खरं," भाई म्हणाले. "पण तू वाईट माणूस नाहीस. मला माहीत आहे." त्यांनी बडीशेपेची वाटी बाजूला सरकवली. "एक काम कर. मला एक कागद दे."

"कसला कागद?"

"नंबर मिळाला म्हणून. माझ्याकडून सगळं पूर्ण झालं म्हणून. तुझ्या लेटरहेडवर, सही-शिक्का मारून."

भानुदासला आधी वाटलं ते चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. कुणी मागितलाय का, त्याने विचारलं, व्हिसासाठी लागतो का, कंपनीने सांगितलंय का. भाईंनी मान हलवली.

"कुणी नाही मागितला. बावीस वर्षं आपल्यात कागद नव्हता तेव्हा मला कधी गरज वाटली नाही. आता एक बाजूचा आहे. दुसऱ्या बाजूचा पण असू दे."

नवा शिक्का भानुदासच्या बॅगेतच होता. त्या दोन खेपांनंतर तो त्याला सोडून कुठे जातच नसे. लेटरहेडही होतं. जेवणाच्या टेबलावरची ताटं सविताने उचलली आणि फडक्याने पुसून जागा करून दिली. भानुदासने लिहायला घेतलं. हमदुल्ला इसाक परकार यांच्याकडून सदर टेलिफोन नंबर मिळाला. पुढे काय लिहायचं, त्याने विचारलं. भाईंनी सांगितलं आणि तो लिहीत गेला, मराठीतच, शाळेत श्रुतलेखन लिहावं तसा. यापुढे सदर इसमाची कोणतीही जबाबदारी नाही. आणि मग शेवटची ओळ: आमच्यात आता काही देणं-घेणं उरलेलं नाही.

पेन जरा वेळ कागदावर थांबलं. मग त्याने ती ओळही लिहिली, खाली सही केली आणि शिक्का मारला. यावेळी शिक्क्यावर पूर्ण नाव होतं.

हमदुल्लाभाईंनी चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. त्याच्या चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "खलास," ते म्हणाले, सविताकडे पाणी मागितलं, प्यायले, आणि आता मेट्रो गाठतो म्हणत उठले.

भानुदास लिफ्टपर्यंत त्यांच्याबरोबर गेला. तेवढ्या चार पावलांत त्याला सारखं वाटत होतं की त्यांचा हात धरावा, कागद परत मागावा आणि ती शेवटची ओळ खोडावी, कारण त्या एवढ्याशा कागदावर तेवढं एकच वाक्य खोटं होतं. पण त्याच्या स्वतःच्या हाताने त्यावर शिक्का बसला होता.